तपासनिसांच्या घरचे सात तुकडे

एका गावात एक तपासनीस होते आणि त्यांच्यापाशी एक चौकट होती. गावाचे नाव पांगारवाडी, तपासनिसांचे नाव हैबतराव. चौकट सागवानी, तळहाताएवढी, आणि हैबतराव तिला डोळ्यांत तेल घालून जपत.

पांगारवाडीत घरोघर सुतारकाम चाले. पण नांगर, खाटा, दारे असले तिथे काही होत नसे. तिथे होत मुलांच्या खेळण्यातले लाकडी ठोकळे. पांगाऱ्याचे हलके लाकूड घ्यायचे, त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन खुंट्या ठेवायच्या आणि पोटाला दोन खाचा पाडायच्या. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसली की भिंत उभी राहते. भिंतीला भिंत जोडली की घर, घरावर घर चढवले की राजवाडा. पुढचे ज्याचे त्याच्या मनात असेल तसे.

एका घरचा ठोकळा दुसऱ्या घरच्या ठोकळ्यावर नीट बसलाच पाहिजे, असा गावाचा कायदा होता. त्यासाठी ती चौकट. ठोकळा चौकटीतून सरळ आरपार गेला की त्यावर गावाची छाप बसे. अडकला की तो हैबतरावांच्या टोपलीत जाई, आणि टोपली त्यांच्या घरच्या बंबाखाली जाई. हैबतरावांकडे अंघोळीचे पाणी बाराही महिने कढत असते, असे गावात म्हणत. अर्थात हळू आवाजात म्हणत.

हैबतराव प्रामाणिक होते, हे आधी सांगून टाकतो. सख्ख्या भावाचा ठोकळा केसभर जाड निघाला तरी त्यांनी तो जाळला होता. पण माणूस फार संशयी. देवळात गेले की डावा जोडा एका खांबापाशी ठेवत आणि उजवा दुसऱ्या, म्हणजे चोराला जोडी जमू नये. कुणी रामराम केला तर याला काय हवे असेल म्हणून ते विचारात पडत, आणि नाही केला तर काय लपवतोय म्हणून. अशा माणसाला जगात स्वस्थता कुठून मिळणार?

त्या वर्षी त्यांच्यामागे तीन उपद्रव लागले होते. एक, भरून ठेवलेला बंब सकाळी अर्धा रिकामा सापडे. कुणीतरी आपले पाणी चोरतो, असे त्यांनी ठरवले. दुसरा, स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप आपोआप उघडे. शेजारी डोकावतात, असे ठरवले. तिसरा उपद्रव जरा लागणारा होता. चावडीच्या दगडी पायऱ्यांवर त्यांची काठी सटकत असे आणि ते तीनदा आपटले होते. पायऱ्यांना कुणीतरी तेल लावते, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त कोण लावते एवढीच.

त्याच गावात हौसाबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा वारला तेव्हा त्याची पटाशी, किकरे, रंधा ही हत्यारे तिने माळ्यावर टाकली नाहीत. ती स्वतःच सुतारकामाच्या घोड्यापाशी बसली आणि ठोकळे करू लागली. तिला ना शेत होते, ना दुसरे कुठले काम येत होते. हात मात्र असा स्वच्छ की तिचा ठोकळा चौकटीतून पाण्यासारखा जाई. पाच वर्षांत तिचा एकही तुकडा टोपलीत गेला नव्हता. एकही नाही, म्हणजे काहीतरी आहे, असे हैबतरावांना वाटायचेच.

एक दिवस तिने त्यांच्यापुढे एक निराळाच तुकडा ठेवला. त्याला खाचा होत्या, पण खुंटी डोक्यावर नव्हती, कडेला होती.

"हे काय?" हैबतरावांनी विचारले.

"ठोकळाच हाय, दादा."

"खुंटी कडेला?"

"व्हय."

"कडेला कोण काय बसवणार?"

"बसवंल की कुणीतरी," हौसाबाई म्हणाली. "ज्याला लागंल तो."

सरळ प्रश्नाला असे उत्तर देणारा माणूस काहीतरी दडवत असतो, असा हैबतरावांचा अनुभव होता. त्यांनी तुकडा चौकटीत घातला. कडेची खुंटी अडली. अडणारच होती, चौकट कोरली तेव्हा खुंटी कडेला असू शकते हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. तुकडा टोपलीत गेला.

पण हौसाबाई थांबली नाही. पुढच्या खेपेला तिने कडीसारखा गोल तुकडा आणला, मधे आरपार भोक असलेला. मग एक उतरता, पाचरीसारखा. मग दोन भाग असलेला, एक भाग दुसऱ्यावर मानेसारखा वळणारा. एक निमुळता, एक बारीक चीर पाडलेला, एक वाटीसारखा खोलगट, आतून दाते असलेला. प्रत्येक जातीचे ती पाच-दहा करून आणी, आणि प्रत्येक वेळी ते चौकटीत अडकत. ती भांडत नसे. टोपलीकडे एकवार बघे आणि निघून जाई.

भांडली असती तर बरे झाले असते. न भांडणाऱ्या माणसाचा हैबतरावांना जास्त संशय येई. जळणार हे ठाऊक असून बाई तुकडे का करते? त्यांनी प्रत्येक जातीचा एकेक नमुना जाळण्यातून वगळला आणि पुरावा म्हणून एका फडक्यात बांधून घरच्या माळ्यावर ठेवला. सात जातींचे सात तुकडे. वर अशी गाठ मारली की ती आपल्याशिवाय कुणाला सुटणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

गंमत पाहा, याच दिवसांत त्यांचे तिन्ही उपद्रव थांबले. बंब भरलेला राहू लागला. झडप मिटलेली राहू लागली. काठी सटकायची बंद झाली. आपला धाक बसला, असे हैबतराव समजले आणि काठी जास्तच जोराने आपटत चालू लागले.

हौसाबाई दर गुरुवारी घाटाखालच्या बाजाराला जात असे, झाकलेली पाटी घेऊन. एका गुरुवारी हैबतराव तिच्या मागे गेले. बाजारात एका चाळणवाल्याच्या दुकानाआड ते उभे राहिले, एक चाळण घासाघीस करायला घ्यावी तशी हातात घेतली, तोंडासमोर धरली आणि तिच्या भोकांतून पाहू लागले.

हौसाबाईने एक पोते अंथरले आणि त्यावर साधे ठोकळे ओतले. भोवती पोरे जमली. ती काही विकत नव्हती. खेळतही नव्हती. ती नुसती पोरांच्या हातांकडे बघत होती. एक सात-आठ वर्षांची मुलगी काहीतरी रचत होती. रचता रचता तिचा हात थांबला. हौसाबाई लगेच पुढे वाकली, हळूच काहीतरी विचारले, आणि कोळशाने एका फळकुटावर रेघा मारून घेतल्या. मग कनवटीचा एक छोटा तुकडा काढून तिने मुलीच्या हातावर ठेवला. मुलगी तो घेऊन पळत आपल्या आईकडे गेली. आईपुढे मातीची खेळणी मांडलेली होती. अशी खेळणी होत शेजारच्या सावरगावात, म्हणजे आई सावरगावची.

हैबतरावांनी चाळण डोळ्यांच्या आणखी जवळ धरली. खुणा, रेघा आणि सावरगाव! पांगारवाडीचे माप सावरगावला फुटले! सावरगावात मातीची खेळणी होतात, त्यांना लाकडाचे माप काय करायचे, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. संशयाला प्रश्न नको असतात. त्याच्याजवळ उत्तर आधीच तयार असते.

"घेताय का चाळण?" चाळणवाल्याने विचारले.

"तू तिचा कोण?" हैबतराव म्हणाले आणि तरातरा घाट चढू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन पंचांना घेऊन हौसाबाईच्या दारात उभे राहिले. तिची हत्यारे फडक्यात बांधून चावडीत जमा केली. ओसरीवर तयार तुकड्यांनी भरलेली एक पाटी होती, ती त्यांनी उचलली.

"दादा, पाटी नेऊ नका," हौसाबाई पहिल्यांदाच काकुळतीला आली. "त्यात एक तुकडा हाय, चार म्हैनं लागलं त्याला. तेवढा एक ठेवा. त्याच्यासारखा दुसरा न्हाई माझ्याकडं."

तेवढा एकच का ठेवायचा? म्हणजे खरी खूण त्यातच असणार! हैबतरावांनी पाटी तशीच घरी नेली आणि ती खूण सावरगावला पोचू नये म्हणून एकही तुकडा न बघता बंबाखाली लोटली. त्या दिवशी पाणी फार लवकर तापले.

आठवड्याने चावडीवर पंचायत बसली. गुणाजी पाटील मधे, पंच दोन्ही अंगांना, समोर सगळा गाव. गुन्हा शाबीत झाला तर हौसाबाईच्या घरची छाप पुसायची आणि गावात तिने पुन्हा हत्यार धरायचे नाही, असे ठरले होते. हत्यार गेले तर तिने खायचे काय, हे ठरवायला कुणी बसले नव्हते.

हैबतराव उभे राहिले आणि त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"हिने चौकटीबाहेरचे तुकडे केले." ठक्! "ते परगावी दिले." ठक्! "या तुकड्यांचा जगात कुणाला काडीचा उपयोग नाही. मग ती ते करते कशाला? सांगावे तिने!" ठक्, ठक्!

पाटील हौसाबाईकडे वळले. "बोल बाई. कशापायी करत होतीस?"

हौसाबाईने पदर सावरला. "पाटील, आपण ठोकळं करतो आन् देऊन टाकतो. पोरं त्याचं काय करत्यात ते बघाया कोन जातंय? मी गेले. पोर रचत असतंय, आन् एका जागी त्याचा हात अडतोय. त्याला भिंतीवर फळी लावायची असती, पर आपल्या ठोकळ्याला वरच खुंटी. त्याला दार उघडमिट कराया पायजे, पर आपला ठोकळा वळत न्हाई. जिथं हात अडतो, तिथला तुकडा मी करते. दुसरं काय न्हाई."

"आणि सावरगावच्या पोरीला दिलास तो?" हैबतराव गरजले.

"कुठल्या गावची म्हनून मी इचारलं न्हाई. तिचा हात अडला होता."

गर्दीत चुळबुळ झाली. पाटलांना बाईचे बोलणे पटल्यासारखे वाटत होते, पण कायदा कायदा होता. ते म्हणाले, "जुनं वचन काय हाय? ज्याचा उपयोग न्हाई, त्याला छाप न्हाई. हौसाबाई, तू उपयोग दाखव. समद्या गावाला पटंल असा. मंग हत्यारं घिऊन जा."

"दाखवते. पर तुकडं कुठं हायेत? जळालं की समदं."

"नमुने आहेत!" हैबतराव म्हणाले. "सात आहेत. माझ्या माळ्यावर, माझ्या गाठीत. आत्ता आणतो. दाखवच तू उपयोग."

ते घरी गेले. सवयीने घरात शिरल्या शिरल्या पागोटे काढून खुंटीला अडकवले, माळ्यावर चढले आणि गाठोडे काढले. गाठ जशीच्या तशी होती. त्यांनी ती सोडली. आत चिंच होती.

"चोरी!" हैबतराव माळ्यावरूनच ओरडले. "पुरावा पळवला! आणि वर चिंच भरून ठेवली! केवढे हे कारस्थान!"

ओरडणे चावडीपर्यंत गेले. सगळा गाव हैबतरावांच्या घराकडे लोटला. पाटील माजघरात येऊन खाटेवर टेकले, पंच मोरीच्या अंगाला उभे राहिले, बाकीचे दारात आणि अंगणात. हौसाबाई उंबऱ्याबाहेर थांबली. हैबतराव खाली उतरून तिच्याकडे बोट दाखवत होते.

तेवढ्यात त्यांची बायको गिरजाबाई चुलीपासून हात पुसत बाहेर आली.

"कशाची चोरी?" तिने विचारले.

"माळ्यावरचे सात तुकडे!"

"ते व्हय? घरातच हायेत की."

हैबतरावांनी उभ्या गावावर संशय घेतला होता, पण आपल्या बायकोला कधी काही विचारावे असे त्यांना सुचले नव्हते. ते आ वासून बघत राहिले.

"चिंचंला फडकं पायजे होतं म्हनून गाठोडं सोडलं," गिरजाबाई म्हणाली. "तुमची गाठ? तीस वर्सं तुमच्या गाठोड्यांच्या गाठी सोडतीया न् तशाच बांधतीया मी. आत बघितलं तर असलं नामी तुकडं! म्हनलं, माळ्यावर ठिवून काय करायचं?"

"काढ!" हैबतराव म्हणाले. "सगळे काढ. इथल्या इथे."

"काढू? बघा हां."

तिने भिंतीपाशी जाऊन खुंटी ओढली. तिथली जुनी खुंटी कधीच मोडली होती, भिंतीत नुसता खुंट उरला होता. कडेच्या खुंटीचा तुकडा त्या खुंटावर खाचेने बसवलेला होता. तो निघाला आणि हैबतरावांचे पागोटे भुईवर पडले. चार महिने रोज ते त्याच खुंटीला अडकवत होते. मोडकी खुंटी नीट कशी झाली, हे त्यांनी कधी बघितले नव्हते.

मग ती मोरीत गेली आणि बंबाच्या तोटीच्या जागी ठोकलेला निमुळता तुकडा उपसला. बदाबदा पाणी सुटले आणि दोन्ही पंचांचे पाय भिजले. "तोटी गळत होती," गिरजाबाई म्हणाली. "चोर कुठला न् काय."

खिडकीच्या झडपेला आतून एक वळता तुकडा लावला होता, मान फिरवली की झडप बंद. तो तिने काढला. वाऱ्याने झडप धाडकन उघडली. बाहेर शेजाऱ्यांची म्हैस रवंथ करत होती. तिने आत डोकावून पाहिले आणि पुन्हा रवंथ सुरू केले.

आता लोक हसायला लागले होते. गिरजाबाईचा हात मात्र थांबेना. खांबाला बांधलेल्या रवीची गोल कडी तिने काढली, तशी रवी ताकात आडवी झाली. खाटेच्या पायाखालची पाचर काढली, तसे पाटील एका अंगाला कलंडले आणि पंचाचा खांदा धरून सावरले. मग ती देवापुढे गेली, हात जोडले, आणि चिरेचा तुकडा उचलून आणला. त्याच्या चिरेत सकाळची उदबत्ती अजून होती, अर्धी जळालेली. ती हैबतरावांनी स्वतःच्या हाताने खोवली होती.

सहा तुकडे तिने ओळीने खाटेवर मांडले. सगळे घर बिघडले होते. पाणी वाहत होते, झडप आपटत होती, ताक सांडले होते.

हैबतराव पडले होते खरे, पण त्यांचे नाक अजून वर होते. त्यांनी दोनदा मोजले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आले.

"सहा!" ते म्हणाले. "सात होते. वाटीसारखा, आतून दाते असलेला, तो कुठे आहे? तोच पळवला हिने! मी सांगत नव्हतो?" आणि त्यांनी काठी आपटली. ठक्!

गिरजाबाईने त्यांच्या हातातून काठी काढून घेतली आणि उलटी करून सगळ्यांपुढे धरली.

काठीच्या टोकाला सातवा तुकडा होता. लाकडी टोपणासारखा घट्ट बसलेला, पोटाच्या खाचांनी दगडाला धरणारा. सकाळपासून चावडीवर तोच वाजत होता.

"तीनदा पडलात पायऱ्यांवर," गिरजाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला होता. "तिसऱ्या येळंला डोसकं फुटता फुटता ऱ्हायलं. म्हनून बसवलं. सांगितलं न्हाई. सांगितलं असतं, तर कुनी बसवलं, कशापायी बसवलं, म्हनून काठीच टाकून दिली असतीत. आन् पुन्यांदा पडला असतात. मला तुम्ही पाय धड असलेलं पायजे होतात."

कुणी हसले नाही. हैबतराव खाटेच्या कडेला बसले. ज्या तुकड्याच्या आधाराने ते हौसाबाईवर आरोप करायला उभे राहिले होते, तो तिच्याच हातचा होता. त्यांना फार लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणाचा संशय आला नाही.

पाटील म्हणाले, "सात उपयोग दिसलं. एक मागितला होता. हौसाबाईची हत्यारं तिला द्या, आन् ह्या तुकड्यांना छाप बसवा."

लोकांना वाटले, आता हौसाबाई आनंदाने रडेल. पण ती उंबऱ्यापाशीच उभी होती.

"आन् माझी पाटी?" तिने विचारले.

हैबतरावांनी खाली बघितले.

"त्यात झोक्याचा तुकडा होता," हौसाबाई म्हणाली. "त्या सावरगावच्या पोरीला ठोकळ्याचा झोका करायचा हाय. टांगता पायजे, हलता पायजे, पर तुटता कामा नये. तिला मी मागंच म्हनलं व्हतं, आणते. चार म्हैनं मी तेच करत व्हते. तुम्ही त्येच्यावर पानी तापवलंत, दादा. एक दिसाची अंघोळ झाली तुमची."

हैबतरावांनी मान डोलवून ते कबूल केले, एवढे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हौसाबाईच्या ओसरीवर आले. डोक्यावर पागोटे नव्हते. त्यांनी फडक्यातून ती सागवानी चौकट काढली, जिला आजवर त्यांनी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, आणि तिच्यापुढे ठेवली.

"कुठे कापू?" त्यांनी विचारले.

हौसाबाईने त्यांच्याकडे बघितले. मग कोळसा घेऊन चौकटीच्या कडेला एक रेघ मारली. हैबतरावांनी पटाशी धरली आणि रेघेवर खाच पाडली. पटाशीची सवय नव्हती, त्यामुळे खाच जरा वाकडीच पडली. कडेच्या खुंटीचा तुकडा त्यातून आरपार गेला.

"झोक्याचा पुन्हा कधी होईल?" त्यांनी हळूच विचारले.

"ठावं न्हाई. कसा केला व्हता ते मनात न्हाई आता. हाताला आठवलं तर व्हईल." तिने चौकट त्यांच्या हातात परत दिली. मग म्हणाली, "दादा, तुमची नजर लई बारीक हाय. केसभराचा फरक दिसतो तुम्हास्नी. ती माणसांवर कशाला खर्च करता? गुरुवारी चला माझ्यासंगं. पोरांचं हात बघा."

गुरुवारी हैबतराव बाजारात पोत्यावर बसले. चाळणवाल्याने त्यांना ओळखले आणि आपल्या चाळणी मोजून घेतल्या. सावरगावची मुलगी धावत आली आणि तिने हौसाबाईला विचारले, "मावशी, माझा झोका?"

"अजून न्हाई गं," हौसाबाई म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. तो हैबतरावांना बघवला नाही. मुलगी बसली आणि साधे ठोकळे रचू लागली. एक खांब, दुसरा खांब, वर आडवी पट्टी. मग तिचा हात थांबला. हैबतराव तिच्या बोटांकडे टक लावून बघत होते. तुला कुणी शिकवले, कुणी पाठवले, असे काहीबाही त्यांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. काठी बाजूला ठेवून ते पुढे वाकले आणि म्हणाले, "कुठे अडले, बाळ? दाखव मला."

तात्पर्य: जे आपल्या चौकटीत बसत नाही ते वाईटच असेल असे समजू नये, आधी विचारावे, मग वापरून पाहावे. आणि दुसऱ्यावर काठी आपटण्याआधी ती उलटी करून एकदा बघावी, कदाचित त्याच्याच आधाराने आपण उभे असू.